पैलवानाचा खांदा का खचतो: सांध्याच्या जागेपासून सुरू होणारे रिगिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड मिनिटाच्या ॲनिमेशनपटासाठी तुम्ही ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कोल्हापुरी पैलवानाचे पात्र घडवले आहे. त्याने आखाड्यात उतरून मातीला हात लावावा, शड्डू ठोकावा, जोर-बैठका माराव्यात आणि शेवटी हात वर करून सलामी द्यावी, अशी योजना आहे. परंतु हात वर केला की खांदा आत खचतो, तळवा फिरवला की मनगटाजवळचा भाग पिळलेल्या पंच्यासारखा दिसतो आणि बैठकीत लंगोट मांडीत घुसतो. तीन आठवडे वेट पेंट करूनही, म्हणजे सांगाड्याबरोबर कातडीचा कोणता भाग किती हलावा हे रंगवूनही, एक जागा सुधारली की दुसरी बिघडते, म्हणून पेंटिंगची योग्य पद्धत कोणती, असे तुम्ही विचारले आहे. रिगिफाय हे ब्लेंडरमधले तयार सांगाड्याचे साधन वापरावे की सगळे हाताने बांधावे, हाही तुमचा प्रश्न आहे.

मी कोल्हापुरात गेली सोळा वर्षे रिगिंगचेच, म्हणजे पात्राच्या आत हलता सांगाडा बसवण्याचेच, काम करतो. तुम्ही पाठवलेली चित्रे नीट पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की तुमच्या पेंटिंगमध्ये मोठा दोष नाही. दोष सांध्यांच्या जागेत आहे. एखादे बोन, म्हणजे त्या सांगाड्यातले हाड, फिरले असता कातडीवरच्या एखाद्या बिंदूने त्याच्याबरोबर किती जावे, एवढेच वेट सांगते. ते बोन कोणत्या केंद्राभोवती फिरावे, हे वेटच्या हातात नसते. केंद्रच दोन बोटे बाहेर असेल, तर प्रत्येक बिंदू चुकीच्या वर्तुळावर फिरतो आणि आपण कितीही रंगवले तरी ती त्या चुकीची झाकपाकच ठरते. एक जागा सुधारल्यावर दुसरी बिघडते, हे याचेच लक्षण आहे.

हे मला ऊसतोडणीवरील एका माहितीपटाचे काम करताना कळले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा मजूर दाखवायचा होता, आणि त्याचे दोन्ही हात सतत डोक्याच्या वर असल्यामुळे खांदा कुठेही लपत नव्हता. अकरा दिवस मी काखेतले वेट रंगवत होतो. बाराव्या दिवशी खांद्याचे बोन दंडाच्या बाहेरच्या कडेपासून आत सरकवले आणि ब्लेंडर स्वतः काढून देते ते ऑटोमॅटिक वेट नव्याने घेतले, तेव्हा अकरा दिवस रंगवलेल्या खांद्यापेक्षा तो न रंगवलेला खांदा चांगला वाकला. तेव्हापासून एखाद्या सांध्याच्या जागेबद्दल शंका असेल तोवर मी ब्रश हाती घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

म्हणून फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, मेशचे, म्हणजे पात्राच्या पृष्ठभागाच्या जाळीचे, जुने व्हर्टेक्स ग्रुप (ज्यांत वेट साठवलेले असते) काढून टाका आणि पुन्हा सुरुवात करा. पात्राची उंची खऱ्या मापात, म्हणजे १.७५ मीटरच्या आसपास ठेवा आणि मेश व आर्मेचर (बोनांचा सांगाडा) या दोहोंचे स्केल व रोटेशन कंट्रोल-ए देऊन पक्के करा. हे न केल्यास पुढे कन्स्ट्रेंट, म्हणजे एका बोनला दुसऱ्याशी बांधणारे नियम, विचित्र वागतात आणि कारण सापडत नाही. मूळ मुद्रा तुम्ही हात आडवे पसरलेली ठेवली आहे. या पात्रासाठी हात सुमारे ४५ अंश खाली असलेली मुद्रा मला अधिक योग्य वाटते, कारण पैलवानाच्या पाठीचे आणि काखेमागचे स्नायू इतके भरलेले असतात की आडव्या हातावर घडवलेली काख हात खाली आल्यावर हमखास चुरगळते. कोपर आणि गुडघे किंचित वाकलेले असू द्या. हात सरळ खाली सोडला असता अंगठा पुढच्या दिशेला येईल, अशी तळव्याची ठेवण असावी. ती तळव्याच्या फिरण्याच्या साधारण मध्यावर येते, त्यामुळे पीळ दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा वाटला जातो.

आता सांध्यांच्या जागा. नितंबाचा सांधा बहुतेक नवशिके कंबरेजवळ ठेवतात, आणि मग बैठक मारताना मांडी पोटातून निघाल्यासारखी दिसते. स्वतः उभे राहून गुडघा वर उचला आणि जांघेत घडी कुठे पडते ते हाताने पाहा. त्या घडीच्या साधारण मध्याच्या मागे, शरीराच्या आत, तो सांधा असतो. कोपराचा अक्ष शोधण्यासाठी कोपराच्या दोन बाजूंना बोटांना लागणारी हाडांची दोन टोके धरा. त्यांना जोडणारी रेषा म्हणजे तो अक्ष. बरेच रिगर सांधा त्याहून किंचित मागे घेतात, कारण त्यामुळे वाकलेल्या कोपराचे टोक धारदार राहते, आणि ते मलाही मान्य आहे. बोटांच्या बाबतीत तळव्याकडच्या घड्यांवर विश्वास ठेवू नका. बोट तळव्याला जिथे जोडलेले दिसते, तिथून सांधा बराच मागे, मुठीवर उठणाऱ्या उंचवट्यापाशी असतो. शड्डू ठोकणारा तळवा मोठा आणि स्पष्ट दिसणार असल्याने ही बाब तुमच्यासाठी किरकोळ नाही.

खांद्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तुमच्या पात्राचे सगळे सौंदर्य तिथेच आहे. आपण ज्याला खांदा म्हणतो तो एक सांधा नाही. गळपट्टीचे हाड छातीच्या पुढच्या बाजूला, गळ्याखालच्या खळगीशेजारी जोडलेले असते. तिथून ते बाहेर आणि किंचित मागे जाते. त्याच्या बाहेरच्या टोकाशी पाठीवरचे पाते जोडलेले असते, आणि दंडाचे गोल डोके त्या पात्याच्या उथळ वाटीत फिरते. हात शरीराजवळून पूर्ण वर, म्हणजे सुमारे १८० अंश नेला असता त्यातले जवळजवळ १२० अंश दंडाच्या सांध्यातून येतात आणि ६० अंश पाते फिरल्यामुळे येतात. हे दोनास एक प्रमाण इन्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडले आणि शरीरशास्त्रात ते आजही पायाभूत मानले जाते. सुरुवातीच्या ३० अंशांत पाते फारसे हलत नाही. पुढे ते दंडाबरोबर वर आणि बाहेर फिरू लागते. तुमच्या रिगमध्ये सगळे १८० अंश एकटे दंडाचे बोन फिरत आहे. त्यामुळे खांद्याचा गोळा मानेजवळ दाबला जातो आणि वरच्या बाजूला तो खड्डा पडतो.

तुमच्या चित्रात गळपट्टीचे बोन पाठीच्या कण्यापासून सरळ बाहेर निघाले आहे. ते छातीच्या पुढच्या बाजूला, उरोस्थीच्या वरच्या टोकाजवळ सुरू करा आणि खांद्याच्या वरच्या हाडाखाली संपवा. दंडाचे बोन तिथून थोडे खाली व आत सुरू झाले पाहिजे. समोरून पाहताना काखेच्या घडीच्या वर उभी रेषा काढली तर ते केंद्र त्या रेषेच्या आसपास, आणि बाजूने पाहताना दंडाच्या जाडीच्या मध्यावर यायला हवे. जागा बरोबर आहे की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. फक्त गळपट्टीचे बोन फिरवून पात्राला खांदे उडवायला लावा. खांदा कानाकडे जाताना किंचित आतही सरकला पाहिजे. तो लिफ्टसारखा सरळ वर गेला, तर बोनची सुरुवात चुकलेली आहे.

हात उचलला की गळपट्टी आपोआप उचलली जावी, अशी सोय अनेकजण करतात. दंडाचे बोन गळपट्टीचेच अपत्य, म्हणजे तिला जोडलेले आणि तिच्याबरोबर हलणारे, असल्यामुळे गळपट्टीला दंडाची नक्कल करायला सांगितले तर दोघे एकमेकांवर अवलंबून राहतात आणि ब्लेंडर डिपेन्डन्सी सायकलची तक्रार करते. त्यावर उपाय म्हणजे छातीला जोडलेले, मनगटाच्या कंट्रोलरकडे (ॲनिमेटर जे धरून हलवतो त्याकडे) पाहणारे एक वेगळे मोजमापाचे बोन ठेवणे आणि गळपट्टीला त्याच्या हालचालीचा काही हिस्सा देणे. तरीही तुमच्या पात्रासाठी मी ही सोय करणार नाही. शड्डू ठोकताना हात फारसा वर जात नाही, पण खांदा पुढे झुकतो आणि छाती मिटते. जोर मारताना तळवे मातीवर स्थिर असतात आणि पाती पाठीवर एकमेकांजवळ येऊन पुन्हा फाकतात. या दोन्ही हालचाली हाताच्या उंचीवरून ओळखता येत नाहीत. दीड मिनिटाच्या पटात गळपट्टीचा कंट्रोलर ॲनिमेटरने स्वतः हलवलेला बरा. पाठीवर पात्यासाठी एक जादा बोन घाला आणि त्याला दंडाच्या फिरण्याचा साधारण एक तृतीयांश भाग द्या. पाठमोऱ्या दृश्यात त्याचा उपयोग तुम्हाला लगेच दिसेल.

इथे एक विनंती करतो. इंटरनेटवरच्या चित्रफिती पाहून हा खांदा समजणार नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी आपल्या गावात आहेत. वस्तादांची परवानगी घेऊन पहाटे जा आणि एकाच मल्लाचा जोर मागून, बाजूने आणि समोरून चित्रित करा. अंगावर फक्त लंगोट असलेला, घामाने चमकणारा देह म्हणजे रिगरसाठी उघडे पुस्तक आहे. कोणता स्नायू केव्हा फुगतो आणि कातडी कुठे सरकते, हे तिथे डोळ्यांना दिसते. खासबाग मैदानातल्या कुस्त्या मी अनेक वर्षे पाहिल्या, पण रिगिंगसाठी खरा उपयोग झाला तो तालमीतल्या सकाळच्या मेहनतीचा, कारण तिथे एकच हालचाल शंभर वेळा पाहायला मिळते.

तळवा फिरल्यावर हात पिळला जाण्याचे कारण वेगळे आहे. कोपर ते मनगट या भागात दोन हाडे असतात. करंगळीच्या बाजूचे हाड कोपराशी बिजागरीसारखे घट्ट असते, तर अंगठ्याच्या बाजूचे हाड त्याच्यावरून तिरके फिरते. म्हणून तळवा फिरतो तेव्हा मनगटाजवळची कातडी जवळजवळ पूर्ण फिरते, मधली अर्धवट आणि कोपराजवळची अगदी थोडी. तुमच्या रिगमध्ये हा सगळा फरक मनगटाच्या एका कड्यावर पडला आहे. नेहमीच्या स्किनिंगमध्ये, म्हणजे कातडी बोनांना जोडण्याच्या पद्धतीत, दोन बोनांच्या स्थितींची सरळ सरासरी काढली जाते. एक बोन जागेवर आणि दुसरे १८० अंश फिरलेले असेल, तर निम्म्या-निम्म्या वेटचा बिंदू त्या सरासरीत थेट अक्षावर येऊन पडतो, म्हणजे हाताची जाडी तिथे शून्य होते. ब्रशने हे दुरुस्त होत नाही, कारण चूक गणितातच आहे.

उपाय असा की कोपरापुढच्या बोनच्या लांबीवर दोन पीळ-बोन बसवावीत, दोन्ही त्याच बोनची अपत्ये असावीत, आणि त्यांनी हाताच्या बोनचे फक्त वाय अक्षातील फिरणे स्थानिक अक्षांमध्ये घ्यावे. ब्लेंडरमध्ये बोनची लांबी वाय अक्षातच असते. कोपराकडच्या बोनला सुमारे ०.३३ आणि मनगटाकडच्याला ०.६६ इतका प्रभाव द्या. कोपराजवळची कातडी मुख्य बोनकडेच राहू द्या. दंडालाही अशीच रचना लागते: खांद्याजवळ पीळ जवळजवळ नसावा आणि कोपराकडे तो वाढत जावा. आर्मेचर मॉडिफायरमधील प्रिझर्व्ह व्हॉल्यूम हा पर्याय तुम्ही वापरून पाहिल्याचे लिहिले आहे. कावान आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेली ड्युअल क्वाटर्नियन पद्धत त्यामागे आहे. ती पिळलेला भाग नक्कीच वाचवते, पण वाकलेल्या कोपरावर आणि गुडघ्यावर सूज आल्यासारखा फुगवटा आणते. पीळ-बोन नीट बसवली तर तिची गरज उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

सांधे जागेवर आल्यानंतरच वेटकडे वळावे. ब्लेंडरचे ऑटोमॅटिक वेट २००७ साली बारान आणि पोपोविच यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर आधारलेले आहे. प्रत्येक बोन उष्णतेचा उगम मानून ती उष्णता शरीराच्या पृष्ठभागावर कशी पसरेल, याचे गणित त्यात केले जाते. हे कळले की ती पद्धत कुठे फसते तेही कळते. एकावर एक बसलेले दुहेरी बिंदू, आतल्या बाजूला राहून गेलेले पृष्ठभाग, अंगात रुतलेले दागिने किंवा कपडे असले की उत्तर सापडत नाही आणि बोन हीट अपयशी ठरल्याची सूचना येते. म्हणून आधी नुसते शरीर जोडा. डोळे, दात, मिशा आणि लंगोट त्या वेळी बाजूला ठेवा.

रंगवण्याची पद्धत तुम्ही विचारली होती, ती अशी. पहिल्या फ्रेमवर मूळ मुद्रा ठेवा, आणि मग दर दहा फ्रेमवर एक मुद्रा: हात पूर्ण वर, शड्डू, जोराची खालची अवस्था, खोल बैठक, मातीला हात लावण्यासाठी वाकलेली कंबर. टाइमलाइन पुढे-मागे सरकवत रंगवा, म्हणजे एका मुद्रेत केलेल्या दुरुस्तीने दुसऱ्या मुद्रेत काय होते ते त्याच क्षणी दिसते. ऑटो नॉर्मलाइझ चालू असू द्या, जेणेकरून प्रत्येक बिंदूवरच्या वेटची बेरीज १ राहील. आधी प्रत्येक भाग ठामपणे एकाच बोनला द्या आणि नंतर सीमा मऊ करा. सुरुवातीपासून मऊ ब्रश फिरवला तर कोणत्या बिंदूवर कोणाचा किती हक्क आहे हेच कळेनासे होते. एका बिंदूवर चारपेक्षा जास्त बोनांचा प्रभाव नको, आणि कोपर-गुडघ्यांवर किमान तीन एज लूप (सांध्याभोवती फिरणाऱ्या मेशच्या कडा) हवेत. तुमच्या गुडघ्यावर दोनच आहेत.

लंगोटासाठी वेगळे रंगकाम करू नका. शरीराचे वेट डेटा ट्रान्सफरने लंगोटावर उतरवा आणि लंगोटाखाली जो भाग कधीच दिसणार नाही, तो मास्क मॉडिफायरने लपवा. जे नाही ते घुसून बाहेर येऊ शकत नाही. लंगोटाच्या कडेला लागून असलेली कातडी मात्र लपवू नका, तिथे मांडीवर कापड रुतल्याची रेघ दिसायला हवी.

एवढे करूनही खोल बैठकीत मांडी आणि पोटरी एकमेकींत शिरतील, आणि नितंबाचा गोलपणा कमी होईल. त्यासाठी त्या मुद्रेत शिल्पासारखी दुरुस्ती करून शेप की, म्हणजे मेशचा साठवलेला पर्यायी आकार, बनवा आणि तिला ड्रायव्हर (बोनच्या हालचालीनुसार तो आकार आपोआप लावणारी जोडणी) द्या. कंबर आणि मांडीच्या बोनमधील कोनाचा फरक ड्रायव्हरने वाचावा, ६० अंशांपर्यंत शेप की शून्य असावी आणि १२० अंशांवर ती पूर्ण लागावी. या टप्प्यावर घाई होते. सांधा किंवा वेट दुरुस्त न करता शेप कीने वेळ मारून नेली, तर नंतर सांधा हलवावा लागताच सगळ्या शेप की फुकट जातात.

कंट्रोलरविषयी फार लिहीत नाही, कारण तुमची मांडणी चांगली आहे. पाय आयकेवर (टोक हलवले की वरचे सांधे आपोआप वळतात ती पद्धत) आणि टाच, चवडा, बोटे अशा तीन ठिकाणांहून वळणारे पाऊल हवेच. हातांना आयके आणि एफके (प्रत्येक सांधा वरून खाली स्वतः फिरवण्याची पद्धत) दोन्ही ठेवा. जोर मारताना आणि मातीला हात लावताना तळवा एका जागी टेकलेला राहावा लागतो, तिथे आयके लागते; सलामीच्या वेळी हात खांद्यापासून कमानीत फिरतो, तिथे एफके वापरले तरच ती कमान सुंदर येते. एफके कोपराच्या कंट्रोलरचे फिरणे मोजण्याची पद्धत क्वाटर्नियनवरून ऑयलरवर (प्रत्येक अक्षाचा वेगळा कोन) आणा, बोनचा रोल (स्वतःच्या लांबीभोवतीचे वळण) असा जुळवा की कोपर एक्स अक्षावरच वाकेल, आणि उरलेले दोन अक्ष कुलूपबंद करा. ॲनिमेटरच्या हातून कोपर आडवे वाकण्याची शक्यताच राहत नाही.

चेहऱ्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी पैलवान शेवटी दोन वाक्ये बोलणार असल्याचे लिहिले आहे म्हणून सांगतो. परदेशी ट्यूटोरियलमधले ओठांचे आकार मराठीला पुरत नाहीत. प, ब, भ, म यांना ओठ पूर्ण मिटले पाहिजेत, हे सगळीकडे सारखे आहे. पण आपल्या ळ आणि ण मध्ये जीभ मागे वळते आणि तोंड किंचित उघडे राहते, तर ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतल्या च चा जबडा सारखा नसतो. जिभेला तीन बोनांची साखळी दिलीत तर हे साधेल. वाढलेल्या मिशांचे वेट वरच्या ओठावरूनच घ्या.

राहता राहिला रिगिफायचा प्रश्न. या पटासाठी ते जरूर वापरा. पाय, कणा आणि बोटे यांची यंत्रणा त्यात उत्तम आहे, आणि ती नव्याने बांधण्यात तुमचे दिवस जाऊ नयेत. परंतु रिगिफायचा मेटारिग हा सर्वसाधारण माणसाचा सांगाडा आहे. तो तुमच्या पैलवानाच्या मापावर बसवताना वर सांगितलेली प्रत्येक सांध्याची जागा तुम्हालाच ठरवावी लागेल, आणि पात्याचे बोन तुम्हालाच जोडावे लागेल. एक संपूर्ण हात, गळपट्टीपासून बोटांपर्यंत, मात्र रिकाम्या फाइलमध्ये स्वतः बांधून पाहा. दोन-तीन दिवस लागतील.

खांदा नव्याने बसवून झाला की न रंगवलेल्या, नुसत्या ऑटोमॅटिक वेटवर तीन मुद्रांचे रेंडर काढा: हात ९० अंशांवर, हात पूर्ण वर, आणि शड्डू. प्रत्येक मुद्रा समोरून, बाजूने आणि पाठीमागून घ्या व मला पाठवा. पाठमोरी चित्रे मी आधी पाहीन, कारण समोरून जमलेला खांदाही पाते जागेवरच राहिले असेल तर मागून लगेच ओळखू येतो.